भट्टीतला अर्धा तास

नाही साहेब, तुमच्याकडे हा प्रयोग अकरा वेळा करून जमला नाही, यात आमच्या मॅडमचा काय दोष? — बसा ना, त्या स्टुलाचा एक पाय लंगडा आहे, भिंतीला टेकून बसा — मॅडमनी बजावलंय, पाहुण्यांशी बोलायचं नाही, म्हणून मी आपला गप्प आहे. पण खोटारड्या म्हणे. वीस वर्षं या प्रयोगशाळेत भट्टी सांभाळतोय, इतकी सरळ बाई पाहिली नाही मी. आणि उद्या तुम्ही इथे स्वतः करून बघणार, नाही जमलं तर त्यांना लेख मागे घ्यायला लावणार — कळलंय मला सगळं.

अवघड काय आहे त्यात? नखाएवढा तुकडा, त्यावर तांब्याच्या ऑक्साइडचा थर — इतका पातळ की फुंकर मारायची भीती वाटावी. तो भट्टीत ठेवायचा, ऑक्सिजन सोडायचा. थरात ऑक्सिजन कमी मुरला तर वीज अडखळते, पुरेसा मुरला तर गार केल्यावर अशी धावते की तिला रोध शून्य. सगळं मुरण्यावर, आणि मुरवणं माझ्याकडे. लेखात छापलंय ना, अर्धा तास? तेवढंच. बाकी हातगुण.

हसा, हसा. पहिल्यांदा जमलं त्या दिवशी भट्टी लावली आणि मेहुण्याचा फोन — घर बदलतोय, कपाट जिन्यात अडकलंय, दहा मिनिटं या. गेलो. मी वरून ढकलतोय, तो खालून ओढतोय, आणि कपाट जे रुतलं ते रुतलंच — मी वर, मेहुणा खाली, मधे कपाट. सुतार उगवला दुसऱ्या दिवशी सकाळी. धावत इथे आलो तर भट्टी आपली चालूच. आता वहीत काय लिहू, कपाट? — लिहिला अर्धा तास, ठरलेला होता तोच. दुपारी मॅडमनी मोजलं आणि खुर्चीतून उठल्याच. म्हणाल्या, काका, तुमच्या हातात जादू आहे. त्या चेहऱ्याला कपाट कसं सांगायचं, तुम्हीच सांगा.

पुढचे तुकडे? तेही मीच. मॅडम दुपारी तुकडा देतात, सकाळी नेतात. मधे भट्टी अर्धा तास चालली की एकोणीस तास, बघतंय कोण —

काय? एकोणीस म्हणालो का मी?

ते पेन ठेवा खाली. — नाही, राहू दे. लिहा. एकोणीस तास, त्या कपाटाच्या रात्रीइतकेच, ऑक्सिजन पूर्ण सोडलेला. जमेल तुमच्याकडेही. आणि खाली ठळक लिहा, त्या खोटं बोलल्या नाहीत, त्यांना ठाऊकच नव्हतं. तीन वर्षं झाली, दर आठवड्याला ठरवतो, आज सांगायचं, आणि नेमकं त्या विचारतात, काका, जेवलात का — की राहिलंच. लाज वाटते हो.

मॅडमचीच पावलं ही. तुम्ही जरा बाहेर थांबा, साहेब. तुमची वहीही घेऊन जा, त्यांना आधी माझ्या तोंडून कळू दे. — जा ना आता.