साहेबांनी ढकललेली जीप

मी प्राचार्य का झालो नाही, हे विचारता ना? मग ऐका. आणीबाणी नुकतीच उठली होती. लष्कराच्या लिलावातली एक जुनी जीप मी घेतली होती. निपाणीच्या आप्पा मिस्त्रीनं दोन वर्षं खपून ती उभी केली आणि मी बेळगुंदीहून बेळगावच्या कॉलेजात रोज तिच्यातूनच जाऊ लागलो. स्टार्टर तेवढा मिस्त्रीला जमला नाही.

"सर, ढकलली की चालू हुतीय," तो म्हणाला. "पर मधी थांबू नका. थांबली की बंद पडती."

प्राचार्यपदाच्या मुलाखती घ्यायला धारवाडहून तज्ज्ञ येणार होते. त्यांना स्टेशनवरून आणायची थोर कल्पना माझीच. अर्ध्या वाटेत जीप बंद पडली.

"मी ढकलू का?" साहेबांनी विचारलं. मी संकोचानं 'नको' म्हणेपर्यंत ते कोट काढून मागे गेलेही. जीप सुरू झाली.

मागून हाक आली, "अहो, थांबा!"

थांबलो तर त्यांना पुन्हा ढकलायला लावणार, हा अपमान. न थांबलो तर रस्त्यात सोडून जाणार, तोही अपमान. कोणता मोठा, हे माझ्या डॉक्टरेट मिळवलेल्या डोक्याला आजही ठरवता आलेलं नाही. तेवढ्यात कॉलेजचं फाटक आलं. शेजारच्या सीटवर साहेबांचा कोट होता.

साहेब आले ते एका स्कूटरवर मागे बसून. स्कूटर चालवत होता दुसरा उमेदवार, माझाच सहकारी.

निवडीनंतर पेढा देताना तो म्हणाला, "अण्णा, काय बी करा, पण ही जीप इकू नका."