फाईलमधला तिसरा कागद

मर्ल : आधी ते दार लाव. पडदाही ओढ.

टॅमसिन : भर दुपारी, आत्या? कोण बघतंय इथं?

मर्ल : समोरची बघते. तुला कुणी सांगितलं होतं गं सरकारी कागद उपसायला?

टॅमसिन : टाउन हॉलातल्या फळ्यावर आपल्या ट्रेगेन्झांचं नाव लागायचंय ना! तांब्याच्या खाणीवर पहिल्यांदा आलेलं घराणं. पिढीपिढीचे दाखले मागतात. पणजोबांचा मिळाला, आजोबांचा मिळाला. एथेलआजीचं नाव घातलं, तर ही फाईल निघाली.

मर्ल : जाळून टाक.

टॅमसिन : वरच सूटपत्र आहे. 'यापुढे या बाईस आदिवासी समजू नये. मात्र तिने मिशनवरील माणसांशी संबंध ठेवू नये.' तुझी आई मिशनवरची, पाद्र्यांच्या त्या आदिवासी वस्तीतली होती? आणि आम्हाला कुणी एका शब्दानं—

मर्ल : हळू बोल! आई त्या सूटपत्राला कुत्र्याचं लायसन म्हणायची; जवळ असलं तरच गावात मोकळं फिरता यायचं. रस्त्यावर मोटारीची धूळ उठली, की आम्हा तिघांना पाण्याच्या टाकीमागं दडवायची. आदिवासी रक्ताची मुलं उचलून न्यायला यायची सरकारी माणसं.

टॅमसिन : आता कुणी येत नाही.

मर्ल : तरी पडदा नीट ओढ, फट राहिलीय.

टॅमसिन : दुसरा कागद त्याच्या अटींचा. तिसरा क्लेमकाकांचा. तू तर म्हणायचीस, ते लहानपणी तापानं गेले.

मर्ल : तो नको वाचूस.

टॅमसिन : का?

मर्ल : त्यात माझं नाव असेल. आठ वर्षांची होते मी. आईची आई दर गुरुवारी मिशनवरून चालत शाळेच्या कुंपणापाशी यायची. आईनं बजावलेलं, ओळख द्यायची नाही. एकदा बाईंनी विचारलं, ही कोण गं? माझ्या तोंडून गेलं, माझी आजी. आठवड्याच्या आत क्लेमला नेला. चार वर्षांचा होता. परत दिसला नाही. मीच घालवला त्याला, टॅमसिन.

टॅमसिन : महिना आठवतो?

मर्ल : सप्टेंबर. बाभळी पिवळ्याधमक फुलल्या होत्या.

(टॅमसिन कागद उलगडते. मर्ल डोळे गच्च मिटते.)

टॅमसिन : आत्या, ऐक. तक्रार जूनमधली आहे, शेजारच्या शेतमालकाची. 'एथेल ट्रेगेन्झा मिशनवर आईला भेटताना दिसली.' क्लेमकाकांना न्यायचा हुकूम ऑगस्टचा. तू बोलायच्या आधीच सगळं ठरलेलं होतं.

मर्ल : परत वाच.

टॅमसिन : तक्रार जून. हुकूम ऑगस्ट. तुझं नाव कुठंच नाही.

मर्ल : कुठंच?

टॅमसिन : कुठंच नाही. सुटलीस बघ. थांब, चहा टाकते.

मर्ल : आजी नंतरही कुंपणापाशी यायची गं. पाच वर्षं, दर गुरुवारी. हाक नाही, काही नाही, नुसती उभी राहायची. मी भीतीनं पाठ करून बसायचे.

टॅमसिन : लहान होतीस तू.

मर्ल : म्हणजे एकदा वळून बघितलं असतं, तरी चाललं असतं.