सुनंदाने कोऱ्या सोडलेल्या जागा

चहा ओता आधी, मग सांगते. आमच्या अहेरीकडच्या शाळेत मी आठवीला 'माझ्यावर आलेला प्रसंग' लिहायला दिला. बजावूनच दिला, "गाईडातलं उतरवाल तर याद राखा. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तेच लिहा, आणि स्पष्ट लिहा."

तरी निम्म्या वह्यांत समुद्रकिनाऱ्याची सहल! अरे, समुद्र पाहिलाय कुणी इथे? मी चिडलेच. मग सुनंदाची वही उघडली. पहाटे आईबरोबर मोहफुलं वेचायला गेलेली, टोपली अर्धी भरलेली, आणि वीस पावलांवर ते उभं. आईनं हिला पाठीशी घेतलं आणि दोघी पाठ न दाखवता मागे मागे सरकत रस्त्याला लागल्या. पण जिथे जिथे त्याचं नाव यायचं, तिथे कोरी जागा. तीन ठिकाणी.

मी तिला टेबलाशी बोलावलं. "अगं, काय उभं होतं ते लिही की. वाघच ना?"

पोरीनं दचकून खिडकीबाहेर पाहिलं. "मॅडम, नाव नाई घेत त्याचं. मोह अजून सरला नाई. आई रोज जंगलात जाऊन राह्यली."

मी लाल पेनाला टोपण लावलं. शब्द इतका जपून वापरणारं माणूस मी तरी पाहिलं नव्हतं.

एप्रिल संपता संपता ती आपणहून वही मागायला आली. उभ्या उभ्याच तिन्ही जागा भरल्या आणि वही माझ्यापुढे सरकवली.

"आता तपासा, मॅडम. मोह सरला. आई घरीच हाये."