पहाऱ्यावरचा मारुती

मंडळी, कथेला हात घालण्याआधी एक साधा प्रश्न. देवाला विटाळ कशाचा होतो?

सांगा! — पाण्याचा तांब्या फिरतोय तो फिरू द्या, त्याने माझी कथा अडत नाही. आधी पुरुषांकडून जाऊ दे, मग या बाजूला बायकांकडे. — हं, कशाचा होतो विटाळ? मागून कोणीतरी म्हणालं, चपलांचा. बरोबर! म्हणून तर चपला बाहेर. आणि निम्म्या मंडळींचं चित्त कीर्तनभर त्या चपलांपाशी! आणखी कशाचा? कांद्याचा? लसणाचा? पोथ्या धुंडाळल्या तर प्रत्येक पोथीत वेगळं उत्तर सापडेल. मी तुम्हाला एका बागेतलं उत्तर सांगतो. बागेतलं म्हणजे बागेतल्या मुतारीचं. हसताय? हसून घ्या! शेवटी कोण हसतो ते बघू.

ऐका. नदीकाठचं एक गाव, नगरपालिकेचं. नाव सांगत नाही, सांगितलं तर पुढच्या वर्षी नारळाऐवजी नोटीस येईल! त्या गावात एक बाग. झोपाळे आहेत, गुलाब आहेत, पुतळा आहे, कारंजं आहे. कारंजं उडताना कुणी पाहिलं नाही, पण आहे! सकाळी फिरायला येणाऱ्यांचा संघ आहे आणि संघाचे अध्यक्ष आहेत जगन्नाथराव साळवी, निवृत्त मुख्याध्यापक. मुख्याध्यापक निवृत्त होतो हो, त्याचा आवाज कुठं निवृत्त होतो!

बागेत सगळं होतं, एक नव्हतं. काय, ते कळलंच तुम्हाला. पण पुरुषांचं कुठं अडलं? दक्षिणेची भिंत होती ना! फेरी मारायची, भिंतीपाशी थांबायचं, आभाळाकडे बघायचं — जणू ढग मोजतोय! — आणि पुढच्या फेरीला लागायचं. भिंतीला वास सुटला. फेऱ्या मारताना लोक त्या वळणावर नाकाला रुमाल लावायचे. कोण? ज्यांच्यामुळे वास सुटला तेच!

संघाने पाटी लावली, ‘येथे लघवी करू नये’. लोकांना आयताच नेम मिळाला! मग मोठ्या अक्षरांत रंगवलं, ‘येथे फक्त गाढव लघवी करते’. गाढवाला वाचता येईना, आणि ज्यांना वाचता येत होतं त्यांना वाटलं, हे शेजारच्यासाठी लिहिलंय!

तेव्हा जगन्नाथराव उठले. म्हणाले, “माणसाचं माणूस ऐकत नाही. देव लावू!”

बाजारातून देवांच्या फरशा आणल्या. गणपती, दत्त, मारुती. कुणी म्हणायला नको म्हणून एक चांदतारा, एक क्रॉस. कंबरेच्या उंचीवर सिमेंटने चिकटवल्या. सर्वधर्मसमभाव, मंडळी, आपल्या देशात कुठं नांदतो? मुतारीच्या भिंतीवर!

आणि गंमत बघा. ज्या देवापुढे नाक घासतो, नवस बोलतो, सोन्याचा मुकुट चढवतो, त्याला उभा कुठं केला? पहाऱ्यावर! पगार नाही, रजा नाही, साप्ताहिक सुट्टी नाही. मग लोक थांबले का? झांजवाले, धरा जरा —

*भिंतीवरी देव लाविला पहारा।*
*भक्त सरकले पुढे, शोधिती निवारा॥*

चार पावलं पुढं सरकले! तिथं फरशी नव्हती ना!

आता जगन्नाथरावांच्या घरी चला. त्यांच्या मंडळी वत्सलाबाई. रक्तातली साखर वाढलेली. पायाच्या बोटांना मुंग्या येतात, चप्पल निसटली तरी कळत नाही. डॉक्टरीणबाईंनी दम दिला, “काकू, पाय टिकवायचे असतील तर रोज तासभर चाला. नाहीतर एक दिवस बोट जाईल, मग माझ्याकडे रडत येऊ नका.”

रस्त्यावर वाळूचे ट्रक, गल्लीत कुत्री. चालायला जागा एकच, बाग. वत्सलाबाई गेल्या. अर्ध्या फेरीतून परत!

“अगं, लगेच आलीस?”

“अहो, तिथं बायकांची सोय कुठंय?”

“घरून जाऊन निघायचं!”

“घरून जाऊनच निघाले होते. साखरेचं दुखणं आहे, घड्याळ नाही.”

“थोडी कळ काढावी माणसानं.”

कळ काढावी! कोण म्हणतोय? ज्याने भिंतीपाशी उभं राहून अख्खा पावसाळा मोजला तो!

मग ती बाई काय करते? अंगणात तुळशीभोवती चालते. सकाळी चालते, संध्याकाळी चालते. मध्येच आत जाते, पुन्हा येऊन चालते. शेजारणीने कुंपणावरून पाहिलं. “काय हो काकू, एवढ्या प्रदक्षिणा! कसलं व्रत धरलंय?” वत्सलाबाई काय सांगणार? म्हणाल्या, “आहे एक.” झालं! गल्लीत बातमी, साळवीकाकूंनी कडक व्रत धरलंय. पोरीबाळी येऊन पाया पडू लागल्या. पाया पडतात, पण त्या पायांना स्पर्श कळतो का, ते कुणी विचारलं नाही!

आपल्याकडे हे फार सोपं असतं बघा. अडचणीला व्रत म्हटलं की अडचण सोडवायला नको!

तिकडे भिंतीवर काय झालं? एका मुलाने मारुतीपुढे उदबत्ती लावली आणि तो दहावी पास झाला. अभ्यास करून झाला असेल, पण श्रेय मारुतीला! मग तेल आलं, रुईची माळ आली, वर पत्रा आला, शनिवारची आरती आली. मग उत्सव समिती आली. अध्यक्ष कोण? दुसरं कोण असणार!

आणि नेमकं त्याच वेळी नगरपालिकेनं बागेत शौचालय मंजूर केलं. ओव्हरसियर मोमीन नकाशा घेऊन आले. ड्रेनेजची लाइन कुठून जाते? दक्षिणेच्या भिंतीलगत. “इथंच बांधता येईल,” मोमीन म्हणाले. भक्त खवळले! देवळाला लागून शौचालय? धर्म बुडाला!

मोमीन म्हणाले, “मग दुसरी जागा दाखवा. लांबून लाइन जोडू कशीतरी. पण आज ठरवा, नाहीतर हे काम दुसऱ्या वॉर्डात जाणार.”

कारंज्यापाशी बैठक भरली. झोपाळ्यांजवळ? “मुलांवर काय संस्कार होतील!” फाटकाजवळ? “पाहुण्यांना पहिलं दर्शन त्याचं?” पुतळ्यामागे? “पुतळ्याची पाठ झाली म्हणून काय झालं!” सगळ्यांना शौचालय हवं होतं हो. फक्त दिसायला नको, वास यायला नको, जवळ नको, लांब नको! आणि बैठकीत बाई? एकही नाही. बायकांचा प्रश्न ना, मग बायकांचं काय काम!

जगन्नाथरावांनी समारोपाला घसा खाकरला. “तर मग, हे काम सध्या—”

“थांबा जरा.”

मागून आवाज आला. बघतात तर वत्सलाबाई!

“अगं, तू इथं कशाला?”

“माझं काम दुसऱ्या वॉर्डात चाललंय म्हणून आले. मला तिथवर चालवत नाही.” मग भिंतीकडे वळून म्हणाल्या, “हा मारुती इथं कुणी बसवला?”

“मी!” राव ताठ झाले.

“कुठल्या मुहूर्तावर? प्राणप्रतिष्ठा कुणी केली?”

“तसं नव्हे... ती नुसती फरशी...”

“कशासाठी बसवली?”

रावांनी आभाळाकडे पाहिलं, जणू पुन्हा ढग मोजतायत! संघातले बाकीचे चपलांची टोकं न्याहाळू लागले.

“मी सांगते. तुम्ही इथं मुतू नये म्हणून! तुमचं तुम्हाला आवरत नव्हतं म्हणून देवाला उभं केलंत. आणि आता त्याच देवाला पुढं करून मला म्हणता, कळ काढ! माझ्या पायाचं बोट गेलं तर तेही त्याच्यापुढे वाहाल का नारळासारखं?”

मग एकजण पुटपुटला, “काकू, पण देवाला हात लावायचा म्हणजे... काढणार कोण?”

सगळ्यांनी मोमीनांकडे पाहिलं. मोमीनांनी हात जोडले. “मंडळी, आधी माझं नाव एकदा नीट वाचा आणि मग सांगा!”

वत्सलाबाईंनी मोमीनांबरोबर आलेल्या गवंड्यापुढे हात केला. “छिन्नी आण. पाप लागलं तर माझ्या नावावर.”

छिन्नी हातात आली, पण पुढं पाऊल टाकताना पायातली चप्पल मागे राहिली. त्यांना कळलंच नाही. अनवाणी तशाच खडीवरून चालल्या. ते जगन्नाथरावांनी पाहिलं. इतके दिवस घरात होतं ते, मंडळी, तेव्हा पाहिलं! उठले, चप्पल उचलून तिच्या पायाशी ठेवली आणि छिन्नी काढून घेतली.

“दे. मी बसवला, मीच उतरवतो.”

फरशी सुटली. एक कोपरा उडाला, पण मारुती शाबूत! वत्सलाबाईंनी त्याला पदरात घेतला. “चला देवा, तुमची बदली झाली. आता माझ्या तुळशीपाशी. तिथं पहारा नाही.” मागोमाग बाकीचे देवही उतरले.

मग नकाशाकडे वळल्या. “बायकांचं दार कुठंय यात?”

“मागच्या बाजूला, मावशी,” मोमीन म्हणाले. “आडोसा म्हणून.”

“आडोशाला कोण दबा धरून बसेल ते कुणाला दिसणार? दार वाटेकडे घ्या. वर दिवा, आतून कडी आणि पिशवी अडकवायला खुंटी. पिशवी दातात धरून बसतो आम्ही, तुम्हाला काय माहीत!”

मोमीनांनी तिथंच पेन्सिल काढली.

शौचालय झालं. वत्सलाबाई रोज तासभर चालतात, बोटं अजून पायालाच आहेत. आणि पुरुष? त्यातले काही अजून आत जात नाहीत, बाहेरच्या भिंतीलाच! मग? जगन्नाथरावांनी पुन्हा मारुती नाही लावला. स्वतः काठी घेऊन उभे राहतात. देवाचा पहारा भक्तानं घेतला, यालाच दास्यभक्ती म्हणतात!

आता माझा प्रश्न आठवा. देवाला विटाळ कशाचा होतो? मंडळी, मुतारीचा नाही होत! आपली लाज झाकायला देवाला आडवं धरतो आणि दुसऱ्याला म्हणतो कळ काढ, त्याचा होतो!

चला, हसलात पुष्कळ. त्या गावाला हसलात. आता तो तांब्या दाखवा इकडे. पुरुषांकडून आला तेव्हा दोनदा भरावा लागला. या बाजूनं फिरला आणि बघा — काठोकाठ! एका माऊलीनं घोट घेतला नाही. उन्हाळा आहे, मंडप तापलाय, कीर्तन लांबलंय. तहान नाही का यांना? आरतीआधी दोघी-चौघी उठून घरी पळतात आणि तुम्ही म्हणता, बायकांचं कीर्तनात लक्ष नसतं!

इथल्या देवळाचे अध्यक्षमहाराज, तुम्ही खाली बघू नका. येताना मी देवळाला वळसा घालून आलो. कमान नवी आहे, छान आहे. देणगीदारांची नावं संगमरवरात आहेत, छान आहेत. आणि मागच्या भिंतीला, कंबरेच्या उंचीवर, फरशा चिकटवल्यात. त्याही नव्याच आहेत!

आरतीचं ताट जरा खाली ठेवा. गाभाऱ्यातला देव थांबेल, त्याला घाई नाही. आधी मागच्याला केव्हा सोडवताय ते सांगा. आणि पुढच्या वर्षी मला बोलावलंत तर गंधाक्षता नकोत, हार नको. हाच तांब्या फिरवा आणि बायकांच्या बाजूनं मला रिकामा आणून दाखवा!