शून्य घातांकाची सही

हसू नका, पण सेहेचाळिसाव्या वर्षी मी डोंबिवलीत कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये सरांशी भांडलेय. दोनचा घात काढायचा प्रोग्राम होता. मी उत्तर एकपासून सुरू केलं आणि घातांक असेल तितक्या वेळा दोनने गुणलं. घातांक तीन दिला, आठ आलं. शून्य दिला, एक आलं.

पंचविशीतले सर म्हणाले, “काकी, चुकलंय. एकदाही गुणलं नाही तर उत्तर शून्यच यायला पाहिजे. बदला, मग वहीवर सही करतो.”

“नाही बदलणार.”

सगळा क्लास बघायला लागला. मी उठले आणि फळ्यावर लिहिलं: आठ, चार, दोन. “घातांक एकाने कमी झाला की उत्तर निम्मं होतं, सर. आता दोनचं निम्मं किती, तुम्हीच सांगा.”

“क्लास मी घेतो की तुम्ही?” म्हणाले आणि सही न करताच पुढे गेले.

दुसऱ्या दिवशी सरांनी स्वतःच येऊन वही मागितली. “बरोबर होतं तुमचं,” म्हणत सही केली आणि खाली तारीख घालायला लागले.

म्हटलं, “तारीख कालची टाका, सर. उत्तर कालपण बरोबरच होतं.”