एक मार्क कमी करा

मुलगी : ...म्हणून म्हणते, बाई, माझा एक मार्क कमी करा.

बाई : ऐकावं ते नवलच! एकतीस वर्षं इंग्रजी शिकवतेय. मार्क वाढवून मागायला ह्या टेबलापुढे रांग लागते, कमी करा म्हणणारी तू पहिलीच. आण इकडे पेपर. कुठला प्रश्न?

मुलगी : पाचवा. साहित्यातल्या संज्ञा. प्रत्येकीसाठी स्वतः ऐकलेलं नाहीतर स्वतःला सुचलेलं वाक्य लिहायचं होतं.

बाई : हां. उपमा, बरोबर. चेतनगुणोक्ती : 'बाबा आले की आमचा जिना आधी आम्हाला सांगतो.' वा! लाकडी जिन्याला बोलतं केलंस. हायपरबोली, म्हणजे अतिशयोक्ती : 'आज तुला जिवंत ठेवत नाही.' हेही बरोबर. शेवटची पूर्वसूचना तेवढी कोरी सोडलीस. मग चुकलं कुठे?

मुलगी : अतिशयोक्ती चुकलीय.

बाई : मला शिकवतेस होय गं? सांग बरं, अतिशयोक्ती म्हणजे काय?

मुलगी : जोर यावा म्हणून फुगवून सांगणं. ते खरं कुणालाच वाटत नाही. बोलणाऱ्यालाही नाही, ऐकणाऱ्यालाही नाही.

बाई : शाब्बास. मग हे वाक्य कुणाचं?

मुलगी : बाबांचं. आईला म्हणाले.

बाई : अगं, रागात माणूस बोलून जातो. माझे वडील उठसूट म्हणायचे, तंगडं मोडून हातात देईन. जन्मात कधी बोट लावलं नाही.

मुलगी : मग तुमची होती अतिशयोक्ती, बाई.

(बाई लाल पेन खाली ठेवतात.)

बाई : बस. आधी बस इथे. काय झालं?

मुलगी : पूर्वी ते असं म्हणायचे तेव्हा आईसुद्धा हसायची. रविवारी त्यांनी तिचा गळा धरला. मी हाताला लोंबकळले तेव्हा सुटला. तेव्हापासून आई गळ्याला रुमाल बांधून कामाला जाते, खुणा दिसू नयेत म्हणून.

बाई : अगं बाई गं... आणि तू कुणाला सांगितलं नाहीस?

मुलगी : सोमवारी पेपरात लिहिलं की.

बाई : आणि मी...

मुलगी : तुम्ही बरोबरची खूण केलीत. बाजूला 'छान' लिहिलंत. मला वाटलं, बाईंना एवढं कळतं, तर असेल अतिशयोक्तीच. दोन दिवस मनाला तेच समजावलं. पण आज सकाळी बाबा पुन्हा म्हणाले. ह्या वेळी ओरडले नाहीत, बाई. हळू म्हणाले.

बाई : चुकले गं मी. स्पेलिंग बघत बसले, तुला वाचलंच नाही. आई किती वाजता सुटते?

मुलगी : सहाला. बाबा साडेसहाला येतात.

बाई : म्हणजे अजून तासभर आहे.

मुलगी : बाई, ते वाक्य खोडून खाली लिहू का? पूर्वसूचनेच्या जागेत? पुढे काय होणार ते आधीच कळतं ना, ती. तिथे बसेल.

बाई : नाही. ती जागा कोरीच राहू दे. दप्तर उचल, आधी तुझ्या आईला गाठू. आज तुम्ही दोघी माझ्याकडे झोपायचं.