नर्सची किंकाळी

दाताच्या दवाखान्यात गाल धरून बसलेल्या मास्तरांना आपल्या दुखण्याचा विसर पडला, तो शेजारच्या दोघी बहिणींमुळे. धाकटी ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिकांच्या डबिंगला आवाज द्यायची.

"ताई, झाँबी माझ्या नर्सचा लचका तोडतो. मी जीव खाऊन किंचाळले, तर दिग्दर्शक म्हणतो, गोड नाही आली."

"किंकाळी? गोड?"

"अगं, तो चावतो दंडाला आणि कॅमेरा जातो भलतीकडेच. गणवेशही फाटतो तो अगदी बेताबेताने."

"झाँबी आहे की शिंपी?"

"हसू नकोस. संध्याकाळपर्यंत जमलं नाही तर भूमिका दुसरीला जाईल."

"मग दे की लाडिक."

"दिली. तर म्हणे, भीती कुठे गेली?"

"त्याला नक्की हवंय काय? बघणाऱ्याने घाबरायचं की पाघळायचं?"

"विचारलं ना मी. म्हणाला, दोन्ही, एकदमच."

"त्याचंच डोकं झाँबीने खाल्लंय. बरं, मला करून दाखव."

"इथे?"

"दाताचा दवाखाना आहे. इथे ओरडणाऱ्याला कोण विचारतंय!"

धाकटी किंचाळली. मास्तर ताडकन अर्धे उठले, त्यांची कानशिलं तापली आणि ते तसेच अधांतरी राहिले.

"हीच! डोळे मिटून हीच दे."

"थांब गं. काका, खरं सांगा. तुम्ही मला वाचवायला उठलात की बघायला?"

"ते कळलं असतं, तर मी एव्हाना खाली बसलो नसतो का, पोरी?"